हा आवाज बंद कसा करायचा?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत, ४ मार्च या राष्ट्रीय सुरक्षा दिनानिमित्त सोसायटीच्या आवारात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा बहुतांशी तशीच ठेवली आहे.)

अध्यक्षसाहेब, सचिवसाहेब, समस्त काकू-वहिनी, आणि मिसळीच्या आशेने पुढच्या रांगेत बसलेल्या बालगोपाळांनो,

रौप्यमहोत्सवाच्या निधीतून काय घ्यायचं यावर आपल्याकडे तीन मीटिंगा झाल्या. गेटवर कमान हवी, गणपतीसाठी कायमचा स्टेज हवा, असे पुष्कळ ठराव आले. त्यातून कमान झाली, बाकं झाली आणि एक पिवळ्या रंगाचं, मुठीत मावणारं यंत्र आलं. त्याच्यासाठी झालेला खर्च हिशोबात वाचल्यावर ए विंगमधल्या आमच्या एका मित्राने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "काका, एवढ्या पैशात दोन कॅमेरे आले असते. हे करतं काय?" म्हणून समितीने मला आज उभं केलंय.

हा पोर्टेबल गॅस डिटेक्टर. कारखान्यात आम्ही त्याला नुसता 'मीटर' म्हणतो. हा चार गोष्टी मोजतो. हवेतला ऑक्सिजन, पेट घेणारे वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे गटारात सडक्या अंड्यासारखा वास येतो तो. यातलं काही ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेलं की तो बोंबलतो, लाल दिवे मारतो आणि थरथरतो. मोजण्याचं काम कंपनीने करून दिलेलं आहे. तो कुठल्या आकड्याला बोंबलणार, हे मात्र आपण ठरवायचं असतं. आज मी त्या आकड्यांबद्दल बोलणार आहे.

मी अंबड आणि सातपूर मिळून एकतीस वर्षं कारखान्यांच्या सेफ्टी खात्यात काढली. या एकतीस वर्षांत मला या यंत्राबद्दल सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न 'हे मोजतं कसं' हा नाही, आणि 'वाजलं तर काय करायचं' हाही नाही. सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे, "साहेब, हा आवाज बंद कसा करायचा?"

गेल्या मे महिन्यात तो आपल्याच आवारात विचारला गेला. आपल्या मागच्या बाजूची जुनी सेप्टिक टाकी तुंबली होती हे सगळ्यांना आठवत असेल, नाकाला तरी आठवत असेल. सकाळी नाक्यावरून दोघे जण बोलावले होते. दोर, बादली, फावडं एवढाच सरंजाम. झाकण काढलं होतं, एकाने शर्ट काढून ठेवला होता. मी दूध घेऊन येत होतो. त्याला म्हटलं, "दादा, जरा थांब." तो म्हणाला, "साहेब, आम्ही रोज करतो, काही होत नाही." वरून माझा स्वतःचा जुना मीटर आणला, सुतळीला बांधला आणि पाच फूट खाली सोडला. ऑक्सिजन १७.८. हायड्रोजन सल्फाइड ३८. मीटर असा काही किंचाळला की दोन्ही विंगांच्या गॅलऱ्या भरल्या. आणि आपले सचिवसाहेब, ते इथे बसलेत आणि हसताहेत, त्यांनी मला विचारलं, "काका, बंद करा ना हो ते, लोक बघताहेत."

त्या दिवशी कुणी खाली उतरलं नाही. संध्याकाळी सक्शनची गाडी आली, तासाभरात काम झालं, पैसे जास्त लागले. वार्षिक सभेत त्यावर बोलणंही झालं. एक गोष्ट मात्र सभेत झाली नाही, ती मी आज बोलतो. त्या दोघांची दिवसाची मजुरी बुडाली, आणि आपण त्यांना अर्धीच दिली. काम न झाल्याबद्दल. मी तिथे उभा होतो आणि गप्प बसलो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण समितीवर आज-उद्या तुमच्यापैकी कुणीही येणार. २०१३ च्या कायद्याने गटार किंवा सेप्टिक टाकीत पुरेशी साधनं आणि खबरदारी न घेता माणसाला हाताने सफाई करायला लावणं हा गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे फक्त महानगरपालिकेला नाही, कुठल्याही व्यक्तीला आणि संस्थेला लागू आहे, म्हणजे आपल्यालाही. अशा मृत्यूंना दहा लाख भरपाई द्या असं सुप्रीम कोर्टाने मार्च २०१४ मध्ये सांगितलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. तेव्हा हे नीट ऐका: आपण मीटर घेतला तो सेप्टिक टाकीत माणूस उतरवता यावा म्हणून नाही. तिथे माणूस उतरवायचाच नाही, मीटर गप्प असला तरी नाही. मीटर आहे तो झाकणाच्या कडेला उभं राहणाऱ्यासाठी, आणि आपल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीसाठी, जिच्यात वर्षातून दोनदा माणूस खरोखरच उतरतो.

आता आकडे.

माझं आजोळ सांगलीकडचं. तिथे हरिपूरला हळदीची पेवं असायची. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड अरुंद, आत पोट मोठं. महिनोन् महिने बंद असायचं. उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडं टाकून वारा लागू द्यायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला तर उतरायचं नाही. विहिरीचा गाळ काढतानाही आपल्याकडे जुनी माणसं हेच करत. आजोबांच्या हातातला तो कंदील म्हणजे गॅस डिटेक्टरच होता. पण त्याचा आकडा निसर्गाने ठरवलेला. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, आणि दिवा विझतो साधारण १६-१७ वर. म्हणजे तो अलार्म फार उशिरा वाजायचा. शिवाय खाली पेट घेणारा वायू असला तर कंदील विझायच्या ऐवजी भडका उडायचा. तिकडे विलायतेत कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातली कॅनरी पाखरं नेत. त्यांचा आकडा माणसापेक्षा आधीचा, म्हणून न्यायचे. १९८६ पर्यंत ब्रिटनच्या खाणींत ती होती.

आपल्या मीटरमध्ये ऑक्सिजनचा खालचा अलार्म १९.५ वर आहे. लोक म्हणतात, २०.९ आणि १९.५ मध्ये फरक तो किती? दीड टक्कासुद्धा नाही. पण ऑक्सिजन हा हवेचा पाचवा हिस्सा आहे. बाहेरचा वायू शिरल्यामुळे ऑक्सिजन १.४ ने उतरला असेल, तर त्या वायूने एकूण हवेतली जवळजवळ सात टक्के जागा बळकावली, असा त्याचा अर्थ. तो वायू कुठला हे तुम्हाला माहीत नाही. म्हणून ऑक्सिजनचा अलार्म वाजला की 'थोडा कमी आहे, चालेल' असं म्हणायचं नाही. वरचा अलार्म २३.५ वर आहे. ऑक्सिजन जास्त झाला तरी वाईटच, कपडे आणि केस झपाट्याने पेटतात. वेल्डिंगवाले सिलिंडर घेऊन आले की हा कामाला येतो.

याच हिशोबात आपल्या नाशिकच्या धंद्यातली एक गोष्ट बसते. इथल्या वायनरीत द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा भरपूर कार्बन डायऑक्साइड निघतो. जड वायू, टाकीच्या आणि खोलीच्या तळाशी बसून राहतो. आपला हा चार वायूंचा मीटर तो ओळखत नाही. समजा टाकीत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड झाला. माणसाला धाप लागते, डोकं गरगरतं, असा तो आकडा. तेव्हा ऑक्सिजन किती उतरेल? २०.९ चे पाच टक्के गेले, म्हणजे राहिला १९.८ च्या थोडा वर. अलार्म १९.५ वर. मीटर गप्प! माणूस गरगरतोय आणि खिशातलं यंत्र म्हणतंय सगळं ठीक. म्हणून त्या कामाला कार्बन डायऑक्साइडचा वेगळा सेन्सर लागतो. मीटर वाजला नाही याचा अर्थ, ज्या चार गोष्टी तो बघतो त्या ठरलेल्या आकड्याच्या आत आहेत, इतकाच.

दुसरा खाना पेट घेणाऱ्या वायूंचा. याचा आकडा फसवा आहे. स्क्रीनवर १० दिसलं म्हणजे हवेत दहा टक्के गॅस झाला असं नाही. मिथेन हवेत साधारण पाच टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. त्या पाच टक्क्यांना मीटर १०० म्हणतो. म्हणजे १० दिसलं की अर्धा टक्का मिथेन. पहिला अलार्म १० ला आणि दुसरा २० ला ठेवण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. स्फोटापासून अजून लांब आहोत, शांतपणे बाहेर पडता येतं, असा तो विचार.

पण मीटर शिकवलेला असतो मिथेनवर. आपल्या पाण्याच्या टाकीला आतून वॉटरप्रूफिंगचा रंग लावतात, तेव्हा हवेत असते थिनरची वाफ. ती मिथेनवर शिकवलेल्या मीटरला कमी दिसते, कधी निम्मीच. शिवाय हा आकडा आगीचा आहे, विषाचा नाही. थिनरमधला टोल्युइन घ्या. मीटरच्या हिशोबाने तो १० ला पोचेल तेव्हा हवेत दहा लाख भागांत हजाराहून जास्त भाग टोल्युइन झालेला असतो, आणि कामगाराने दिवसभर श्वासात घ्यायची मर्यादा आहे शंभर. म्हणून रंगाच्या कामासाठी मी पहिला अलार्म ५ वर आणलाय. आणि एवढ्यानेही भागत नाही, हवा मारणारा पंखा लागतोच. मीटरवर विसंबून थिनरच्या टाकीत माणूस सोडायचा नाही.

वहिनींसाठी एक सूचना. बाथरूमच्या फटी भरायला ते सिलिकॉनचं सीलंट आणतात ना, त्याची वाफ या सेन्सरला मारून टाकते. मेलेला सेन्सर शून्य दाखवतो, आणि शून्य बघून सगळ्यांना बरं वाटतं. मीटर घरातल्या अशा सामानाजवळ ठेवू नका.

तिसरा, कार्बन मोनॉक्साइड. रंग नाही, वास नाही. पहिला अलार्म ३५, दुसरा कंपनीने २०० वर दिला होता, तो मी १०० वर आणला. कारखान्यात धडधाकट माणसं असतात, आपल्याकडे सत्तरीच्या पुढचे बारा जण आहेत. याच वायूचा खरा धोका आपल्या टाकीत नाही, बाथरूममध्ये आहे. निफाडची थंडी इथवर आली की आपण बाथरूमची खिडकी गच्च लावतो आणि आत गॅस गिझर पेटवतो. माणूस आंघोळीला जातो आणि दार वाजवलं तरी आतून ओ येत नाही. घरात लावायचे जे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म मिळतात, त्यांची रचना वेगळी असते. युरोपच्या मानकाप्रमाणे ५० वर ते तास-दीड तासाच्या आत वाजतात, १०० वर दहा ते चाळीस मिनिटांत, आणि ३०० झालं की तीन मिनिटांच्या आत. म्हणजे ते आकडा आणि वेळ दोन्ही बघतात, कारण हा वायू रक्तात हळूहळू साठतो. पण गिझर बाथरूमच्या बाहेर बसवणं हा अलार्मपेक्षा चांगला उपाय. बी विंगमध्ये अजून चार घरांत तो आत आहे. नावं घेत नाही.

आता चौथा. हायड्रोजन सल्फाइड. इथे मला जरा वेळ द्या.

कंपनीतून मीटर येतो तेव्हा याचे अलार्म बहुधा १० आणि १५ वर असतात. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात हवेतल्या घातक पदार्थांच्या मर्यादांचं कलम आणि यादी आली. त्या यादीत हायड्रोजन सल्फाइडचे हेच आकडे आहेत. १० म्हणजे आठ तासांची सरासरी, १५ म्हणजे थोड्या वेळापुरती मर्यादा. चांगला मीटर हे दोन्ही हिशोब आत ठेवतो. आत्ता किती आहे ते वेगळं, गेल्या पंधरा मिनिटांत सरासरी किती घेतलं ते वेगळं, सकाळपासून किती ते वेगळं. प्रत्येकाचा स्वतंत्र अलार्म.

२००३ साल. कारखान्याचं नाव सांगत नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण चूक कारखान्याची नव्हती, माझी होती. आमच्याकडे सांडपाणी प्रक्रियेचा एक खड्डा होता, पंधरा फूट खोल. तिथे जाणाऱ्याने मीटर लावायचा असा नियम मीच केला होता. पहिले काही महिने छान. मग पावसाळ्यानंतर मीटर रोज वाजायला लागला. ११, १२, १४. कामगार मागे यायचे, दहा मिनिटं थांबायचे, परत जायचे, परत वाजायचा. पाळी संपली तरी काम अर्धं. प्रॉडक्शनवाले माझ्या टेबलावर. "साहेब, तुमच्या मीटरला कुरकुर करायची सवय लागलीय." एक जुना फिटर म्हणाला, "वास तर येतोच ना आम्हाला. वास वाढला की आम्ही आपणहून बाहेर येतो."

मला माहीत होतं की हे खोटं आहे. या वायूचा वास अगदी थोड्यालाही येतो हे खरं, पण नाक त्याला लवकर सरावतं. आणि शंभरच्या आसपास गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबतो, माणसाला वाटतं गॅस गेला. हे मी शंभर वेळा शिकवलं होतं. तरी त्या संध्याकाळी मी मीटर उघडला, पासवर्ड टाकला आणि १० चे ३० केले, १५ चे ६०. पंधरा मिनिटांच्या सरासरीचा अलार्म होता, तो बंदच केला. दुसऱ्या दिवसापासून मीटर गप्प. सगळे खूश. प्रॉडक्शनवाल्यांनी मला चहा पाजला.

तीन आठवड्यांनी पंप अडकला. एक हेल्पर, चोवीस वर्षांचा मुलगा, पट्टा आणि दोर लावून शिडीच्या वरच्या दोन पायऱ्या उतरून व्हॉल्व उघडायला गेला. व्हॉल्व हलला, खालचा गाळ ढवळला गेला. मीटर वाजला आणि मुलाचे गुडघे गेले, दोन्ही एकदमच. त्याच्या जोडीदाराने मागचापुढचा विचार न करता शिडीवर पाय टाकला होता. कंत्राटदाराच्या मुकादमाने त्याला कॉलरला धरून मागे ओढलं, नाहीतर दोघे गेले असते. अशा खड्ड्यांत वाचवायला उतरलेला दुसरा आणि तिसरा माणूस जातो, हे नेहमीचं आहे. दोर होता म्हणून पोराला वर घेता आलं. वाचला. अकरा दिवस हॉस्पिटलात होता. पुढे कितीतरी महिने त्याला कसलाही वास येत नव्हता. त्याची आई मला म्हणाली, "भाजी करपली तरी याला कळत नाही."

त्या मीटरमध्ये मिनिटा-मिनिटाची नोंद राहायची. रात्री मी ती संगणकावर उतरवून घेतली. अकरा वाजून आठ मिनिटं: ११. अकरा दहा: १६. अकरा बारा: २२. अकरा तेरा: २६. त्यानंतरच्या मिनिटाला आकडाच नाही, मापाच्या बाहेर गेल्याची खूण. अकरा आठला तो मुलगा अजून कठड्यापाशी उभा राहून पट्टा आवळत होता. मीटर १० वर असता तर तिथेच वाजला असता. तो मागे आला असता, वैतागला असता, मला शिव्या दिल्या असत्या. सहा मिनिटं होती. ती मी खाल्ली.

चौकशी झाली. अहवालात आलं, 'मीटर लावलेला होता, अलार्म कार्यरत होता.' दोन्ही खरं. सेटिंग बदलल्याची नोंद मी कुठेच केलेली नव्हती. वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरगा वाचलाय ना? आता उकरून काय मिळणार?" मीही मग उकरलं नाही. आकडे परत १० आणि १५ केले आणि विषय संपला. तो छापील कागद माझ्याकडे आहे. आज सौ. शिवाय पहिल्यांदाच कुणापुढे बोलतोय.

आणि मीटर कुरकुर करत होता ना, त्याचं कारण नंतर सापडलं. वीज वाचवायला रात्रपाळीत हवा मारणारे ब्लोअर बंद ठेवत होते. हवा नाही मिळाली की सांडपाणी सडतं आणि हा वायू सुटतो. ब्लोअर सुरू केल्यावर चौथ्या दिवशी आकडा २ वर आला. मीटर पहिल्या दिवसापासून खरंच सांगत होता. बदलायचा होता ब्लोअर. मी अलार्म बदलला.

म्हणून आपल्या मीटरमध्ये मी हायड्रोजन सल्फाइडचे अलार्म ५ आणि १० वर ठेवलेत, कायद्याच्या यादीपेक्षा खाली. कुणी म्हणेल, मग तो झाकण काढताच वाजेल. वाजू दे. आपल्याला तिथे आठ तास काम करायचं नाही, मागे व्हायचं आहे. कारखान्यात मी कदाचित ५ ठेवला नसता. फार खाली ठेवलेला अलार्म लोक दोन दिवसांत ऐकेनासे होतात, तोही धोकाच. पण वर्षातून चार वेळा उघडणाऱ्या झाकणाला तो त्रास नाही.

बाकी सेटिंग भराभर सांगतो. अलार्म एकदा वाजला की गॅस ओसरला तरी तो बटण दाबेपर्यंत वाजत राहील असा लावलाय. आपोआप बंद झाला तर लोक म्हणतात, 'गेला वाटतं.' आवाज हातभर अंतरावर ९५ डेसिबलच्या आसपास आहे, पण गणपतीत आपल्या गेटवर नाशिक ढोल सुरू असेल तर तोही ऐकू येणार नाही. म्हणून थरथर चालू ठेवलीय, आणि मीटर खिशात नाही, छातीवर लावायचा. सुरू करायचा तो बागेत, मोकळ्या हवेत. सुरू करताना तो भोवतीच्या हवेला 'शुद्ध' मानून शून्य धरू शकतो. उघड्या टाकीशेजारी किंवा पार्किंगमध्ये चालू गाडीच्या मागे तो सुरू केला, तर घाणच शुद्ध धरली जाईल. टाकीत सोडताना वर, मधे, तळाशी, तिन्ही ठिकाणी दोन-दोन मिनिटं थांबायचं. मिथेन हलका, वर जातो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा थोडा जड. आणि आधी ऑक्सिजनचा आकडा वाचायचा, कारण ऑक्सिजन कमी असला की पेट घेणाऱ्या वायूचा सेन्सर कमी दाखवतो.

वापरायच्या दिवशी सकाळी बम्प टेस्ट. ही छोटी नळकांडी आहे, तिच्यात ठरलेल्या प्रमाणात चारही वायू भरलेले आहेत. ऑक्सिजन १८, हायड्रोजन सल्फाइड २५, असे. हा वायू मीटरला हुंगवायचा. चारही खाने वाजले तरच मीटर घेऊन जायचं. वाजला नाही, तर त्या दिवशी टाकी उघडायची नाही, गाडी आलेली असली तरी. दर सहा महिन्यांनी कॅलिब्रेशन. सेन्सर दोन-तीन वर्षांत थकतात, त्याची तरतूद बजेटमध्ये लागेल. खजिनदार, लिहून घ्या.

शेवटचं. पासवर्ड. सेटिंग बदलण्याचा पासवर्ड एका पाकिटात बंद करून सोसायटीच्या कपाटात ठेवला आहे. पाकिटाच्या चिकटवलेल्या कडेवर दोन सह्या आहेत, एक सचिवांची, एक डी विंगमधल्या त्या नर्स वहिनींची. सोबत रजिस्टर आहे. कुठलाही आकडा बदलायचा तर दोघांनी मिळून पाकीट फोडायचं, जुना आकडा, नवा आकडा, तारीख आणि कारण लिहायचं. मीटर बसवून झाल्यावर मी त्यांच्यासमोर नवा पासवर्ड टाकायला लावला, आणि टाकताना खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. मला तो माहीत नाही.

वॉचमनदादा, ते नळकांडं इकडे द्या. मुलांनो, कानावर हात ठेवा. आज पहिली बम्प टेस्ट तुमच्यासमोर करतो, मग मिसळ. चार खाने आहेत, चारही वाजतात का मोजा, आणि एखादा राहिला तर मला ओरडून सांगा.